पोरांनी दिलेला पुरस्कार

"काकू, ह्याला बक्षीस कुणी दिलं?"

सहावीतल्या एका पोराच्या हातात नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांचा 'आभाळमाया' हा बालकवितासंग्रह होता. 2025 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्याला मिळाला, म्हणून मी तो दर्शनी कप्प्यात ठेवला होता आणि वर चिठ्ठी चिकटवली होती : 'पुरस्कारप्राप्त. आपल्या मराठवाड्याचे कवी.' मी त्याला सांगितलं, दिल्लीला अकादमी म्हणून संस्था आहे, तिथं जाणती माणसं पुस्तकं वाचतात आणि ठरवतात.

"मोठी माणसं?"

"हो."

"पोरांला इचारलंच न्हाई?"

पुस्तक त्यानं नेलं आणि परत देताना त्यातली एक कविता न बघता म्हणून दाखवली. म्हणजे पुस्तकाबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याला प्रश्न पडला, कारण आमच्या गावात पोरांना विचारतात. दरवर्षी घटस्थापना ते दसरा या दिवसांत आमच्या वाचनालयात मतदान होतं आणि गावातली पोरं ठरवतात की यंदाचं पुस्तक कोणतं. हा पोरगा तिसरीपासूनचा मतदार. ते सगळं कसं चालतं हे लिहा म्हणून बऱ्याच जणांचं सांगणं होतं, म्हणून आज बसले आहे.

मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका गावात ग्रंथपाल आहे. वाचनालय शासनमान्य, 'क' वर्गाचं, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोल्यांत. सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी येतात, दुपारी पोलीस भरतीवाली आणि स्पर्धा परीक्षेवाली तरणी पोरं मान खाली घालून बसतात, आणि शाळा सुटली की लहान्यांचा दंगा. अनुदान 1967 च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे येतं, हप्त्यांनी येतं, आणि ज्या महिन्यात यायला पाहिजे त्या महिन्यात सहसा येत नाही. माझ्या मानधनाबद्दल इथं लिहीत नाही, ग्रंथालयातल्या माणसांना ते न सांगता कळतं.

तर पुरस्कार. साहित्य अकादमीनं बालसाहित्याचा पुरस्कार 2010 पासून सुरू केला. 24 भाषांत दरवर्षी एकेक, पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट. 2024 ला मराठीतला भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला मिळाला आणि सासणे जन्मानं जालन्याचे, मग लगेच 2025 ला नांदेड. सलग दोन वर्षं आपल्या बाजूला आला म्हटल्यावर मला आनंद झाला, आमच्या अध्यक्षांनी तर पेढे आणले. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयाचे वेगळे विभाग आहेत, त्यांना बालकवी, साने गुरुजी, भा. रा. भागवत अशी नावं दिली आहेत. या सगळ्याचा मला उपयोग होतो. खरेदीची यादी करताना शेकडो नावांतून बारा-पंधरा पुस्तकं उचलायची असतात, तेव्हा कुणीतरी आधी चाळून ठेवलेलं असलं की बरं पडतं. अमेरिकेत न्यूबेरी पदक 1922 पासून दिलं जातं आणि ते निवडणारे ग्रंथपाल असतात. हे वाचलं तेव्हा मला उगाच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं. पण निवडणारे इथूनतिथून सगळे मोठेच. मोठ्यांनी मोठ्यांना सांगायचं की पोरांनी काय वाचावं.

याच्या उलट चाल एका पुस्तकविक्रेत्यानं सुचवली होती. सिएटल शहरातला हॅरी हार्टमन. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक मुलाला स्वतःला आनंद देणारं पुस्तक निवडायची संधी मिळाली पाहिजे. त्यातून 1940 साली अमेरिकेचा वायव्य भाग आणि त्याला लागून असलेला कॅनडा इथल्या ग्रंथालयांनी मिळून मुलांच्या पसंतीचा पुरस्कार सुरू केला, तो अजून चालतो. पुढं 1952 ला कॅन्सस राज्यानं तसाच आपला सुरू केला, मग एकेक राज्य. मला सगळ्यात पटली ती टेक्सासची पद्धत. तिथं ग्रंथपाल वीस पुस्तकांची यादी करतात, तिसरी ते सहावीची मुलं वर्षभर त्यातली वाचतात, आणि ज्यानं किमान पाच वाचली किंवा कुणाकडून वाचून घेऊन ऐकली, त्यालाच जानेवारीत मत देता येतं.

'किंवा ऐकली' इथं मी थांबले. ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गात आम्हाला वर्गीकरण शिकवलं, तालिका शिकवली, दाखल नोंदवही कशी ठेवायची ते शिकवलं. पण पाचवीतलं पोरगं जोडाक्षराला अडकत असेल तर त्याला वाचक म्हणायचं की नाही, हे कुठं आलं नव्हतं. आमच्याकडं अशी पोरं भरपूर. वाचता येत नाही म्हणून वाचनालयात येत नाहीत आणि येत नाहीत म्हणून वाचता येतच नाही. ऐकलेलं पुस्तक मतासाठी धरायचं म्हटल्यावर ही पोरं आत आली.

हार्टमनवाल्या पुरस्काराचा अजून एक नियम मला फार आवडला. यादीतली पुस्तकं तीन वर्षं जुनी असतात. तिथं त्यामागं काय विचार असेल तो असो, आमच्याकडं कुठलंही पुस्तक येईपर्यंत तेवढी वर्षं आपोआप होतात.

आमची यादी बारांची. ती करताना मी काही गोष्टी सांभाळते : निदान चार पुस्तकं मोठ्या अक्षरांची आणि चित्रांची, दोन कवितांची, एक खऱ्या माहितीचं (साप, तारे, विहिरी, काहीही), एखादं भाषांतर. आणि आमच्यासारख्या मुलखातलं एक तरी. हे शेवटचं मिळायला अवघड जातं. मुलांच्या मराठी पुस्तकांत समुद्र भरपूर असतो, फ्लॅटमधली लिफ्ट असते, आजोळ कोकणात असतं. बालाघाटाच्या उघड्या माळावरचं, सीताफळाच्या बनातलं, टँकरमागं पळणाऱ्या पोरांचं पुस्तक शोधत मी ग्रंथोत्सवातल्या प्रत्येक गाळ्यावर विचारत फिरते. विक्रेते 'मॅडम, स्पर्धा परीक्षेचं दाखवू का?' म्हणतात. दोन प्रती घेण्याइतके पैसे नसतात, म्हणून बारा पुस्तकांना बारा प्रती, आणि नंबर लावायची वही.

पुस्तकांची नावं पोरं कधीच घेत नाहीत. 'शेळीचं द्या', 'ते निळं कुठं गेलं', 'फाटक्या म्हाताऱ्याचं कुणाकडं हाय'. सुरुवातीला मी खरं नाव वदवून घ्यायचे, आता मीच नोंदवहीत कंसात 'शेळी' लिहून ठेवते, शोधायला सोपं जातं.

मताची अट आम्ही चार पुस्तकांची ठेवली. वाचलंय हे तपासायचं कसं, यावर समितीत बरीच चर्चा झाली. आमच्या अध्यक्षांना (सगळे त्यांना आण्णा म्हणतात, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त) प्रश्नपत्रिका काढायची होती, वीस गुणांची. मी म्हटलं, आण्णा, पोरं पळून जातील. शेवटी असं ठरलं की पुस्तक परत देताना पोरानं मला एवढंच सांगायचं, 'दोस्ताला हे पुस्तक दे म्हणशील का? आणि का?' यात खोटं बोलता येतं, पण टिकत नाही. एकानं मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "लई भारी हाय, पण शेवटी कुत्रं मरतंय त्ये बरं न्हाई." पुस्तकात कुत्रं नव्हतं. शेजारच्या पोरीनं तिथल्या तिथं त्याला उघडा पाडला आणि तो पुस्तक परत घेऊन पायरीवर जाऊन बसला.

दर शनिवारी संध्याकाळी मोठ्यानं वाचन असतं. आधी मी वाचायचे, आता सातवीतल्या दोन पोरी वाचतात, माझ्यापेक्षा चांगलं. एकीनं घरीही वाचायला सुरुवात केली, आणि मतदानाच्या दिवशी तिची आजी तिच्याबरोबर हजर. म्हणाली, "म्या बी चार ऐकल्यात, मला बी चिठ्ठी द्या." नियमात वय पंधरापर्यंत. आण्णांनी नियम दाखवला. आजी म्हणाली, "तुमच्या वहीत माजं वय कुठं लिवलंय?" तिला चिठ्ठी मिळाली.

मतदानाला ग्रामपंचायतीसारखा सगळा थाट असतो, कारण पोरांनी तोच पाहिलेला आहे. पडदा, पेटी, शिक्का, आणि बोटाला शाई. शाई स्टँप पॅडची, अंघोळीत जाते, पण बोट वर करून फोटो काढण्यापुरती पुरते. ज्यांची चार पुस्तकं झालेली नसतात ती पोरं बोटाला पेनानं रेघ ओढून हिंडतात. प्रचारही होतो. एका वर्षी एका उमेदवाराच्या, म्हणजे एका भुताच्या पुस्तकाच्या बाजूनं, चिंचेच्या गोळ्या वाटल्या गेल्या. कुणाच्या पोरानं वाटल्या ते लिहीत नाही, गाव लहान आहे, आणि वडिलांची सवय लेकरात उतरणारच. आण्णांनी आचारसंहिता लावली. गोळ्या खाऊन पोरांनी मतं मात्र दुसरीकडंच दिली, हेही पाहिलेलंच असणार.

2025 च्या सप्टेंबरात पावसानं सगळ्या जिल्ह्याची दैना केली. सोयाबीन पाण्यात, शाळांना सुट्ट्या, वाचनालयाच्या मागच्या भिंतीला ओल. बालविभाग आम्ही टेबलावर उचलून ठेवला आणि मतदान राहू द्या असं मीच म्हणत होते. पण पाऊस जरा उघडला की पोरं गुडघाभर चिखलातून विचारायला यायची, 'पेटी कवा ठिवायची?' शेतात जायची सोय नव्हती, घरात बसून बसून त्यांनी यादी संपवली होती. त्या वर्षी चारच्या अटीपुढं जाऊन सहा-सात वाचलेली पोरं जास्त निघाली.

जिंकलं 'शेळीचं'. बारीकसं पुस्तक. यादीत अकराच नावं झाली होती म्हणून मी ते शेवटी टाकलं होतं. ज्या पुस्तकासाठी मी प्रकाशकाला दोनदा फोन केला, ज्याची चित्रं बघून मी स्वतः हरखले होते, त्याला एकच मत पडलं. ते कुणाचं हे मला माहीत आहे, पण मतदान गुप्त असतं. एवढं सांगते की आजीचं नव्हे.

शेळीच का, हे मी विचारत राहिले. हरवलेली शेळी शोधायला पोरगा निघतो, बापाचा मार चुकवायचा म्हणून, एवढीच गोष्ट. 'त्यातला बाप खरा हाय' असं एक पोरगी म्हणाली. दुसरा म्हणाला, 'त्यात कुणी शिकवत न्हाई.' पुरस्कार समित्यांच्या अभिप्रायांत 'संस्कारक्षम' हा शब्द हटकून असतो, पोरांच्या अभिप्रायांत तो मला अजून भेटला नाही.

आमच्या पुरस्काराला रक्कम नाही. सगळ्या मतदारांनी सह्या केलेलं पत्र लेखकाला जातं, प्रकाशकाच्या पत्त्यावर. पत्रात कौतुक दोन ओळींचं आणि तक्रारी दीड पान होत्या : शेळी इतकी उशिरा का सापडली, आई मध्येच कुठं गेली, पुढचा भाग कधी. लेखकाचा फोन आला. स्पीकर लावला, तर पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडं शेळ्या हायेत का?" नव्हत्या. पोरं जरा नाराज झाली.

आता तारखेबद्दल, कारण हे दुसऱ्या गावच्या ग्रंथपालांना उपयोगी पडेल. सरकारी दिनदर्शिकेत वाचनाचे दिवस ठरलेले आहेत. 15 ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, आणि 2025 च्या जानेवारीत 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडाही झाला. टेक्सासचं मतदानही जानेवारीतच. पण आमच्या गावात जानेवारीत मतदान ठेवलं तर निम्मे मतदार बाहेर. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या लागतात, दिवाळी आटोपली की गाव रिकामं होतं, आणि कोयत्याबरोबर लेकरंही जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही पोरं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीची उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, लहान भावंडं सांभाळत. परत यायचं ते कारखान्याचं गाळप संपल्यावर, गुढीपाडव्याच्या आगेमागे. म्हणून मतदान दसऱ्याच्या आत. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या घरातल्या पोरालाही त्याचं मत टाकूनच जाता यावं.

जाताना ही पोरं पुस्तकं नेतात. पुस्तक पंधरा दिवसांसाठी, असा नियम आहे. मी त्यांच्यासाठी नोंदवहीत वेगळं पान केलंय, परतीच्या रकान्यात 'पाडवा' लिहिते. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पान पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पान उलटलं. प्रत्येकाला दोन पुस्तकं आणि 'किशोर' मासिकाचे जुने अंक, पोत्यात भांड्यांच्या मधी घालून जातात. परत येतात तेव्हा कोपरे काळे झालेले असतात, पानांत पाचटाचा कचरा, एकावर तर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ. काही येतच नाहीत. ती मी गहाळ दाखवते आणि समितीत बोलणी खाते. मला वाटतं, फडावर गहाळ झालेलं पुस्तक कपाटात शाबूत असलेल्या पुस्तकापेक्षा जास्त हातांतून गेलेलं असतं. आण्णा म्हणतात, हे लेखापरीक्षणात लिहून दाखव.

मागच्या हंगामात एका पोरानं आईच्या मोबाइलवरून आवाजी निरोप पाठवला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, आणि हा एका दमात पुस्तकातलं पान वाचतोय, 'ट्र'ला अडखळत. शेवटी म्हणतो, "काकू, हे पुढच्या मतात धरा." धरलं.

आता बक्षिसांबद्दल, इथं माझं मत जरा तिखट आहे. अमेरिकेत ज्या कॅन्ससनं मुलांच्या मताचा पुरस्कार इतक्या आधी सुरू केला, तिथूनच 1984 ला पिझ्झा हट कंपनीनं शाळांसाठी योजना काढली : ठरलेलं वाचन करा, पिझ्झा मिळवा. आपल्याकडं पिझ्झ्याच्या जागी कंपास आणि पाण्याची बाटली. आमच्या भागातही एका संस्थेनं 'सर्वाधिक पुस्तके वाचणारा विद्यार्थी' अशी स्पर्धा घेतली होती. आमच्याच दोन पोरांनी तिच्यात भाग घेतला. आठवडाभर ती सगळ्यात पातळ पुस्तकं कपाटातून शोधून काढत होती, बोटानं जाडी मोजत. एकजण तर दारातच पुस्तक घ्यायचा आणि परत निघताना देऊन जायचा. ज्याला सायकल मिळाली तो नंतर वाचनालयात दिसला नाही. इंग्लंडात उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा पुस्तकं वाचायचा उपक्रम 1999 पासून ग्रंथालयांत चालतो, शेवटी पदक देतात. सहा म्हणजे मुलाच्या आवाक्यातला आकडा, तिथं पहिला-दुसरा नंबर नसतो, म्हणून तो मला चालतो. नंबर आला की पोरगं दुसऱ्याच्या वहीत बघायला लागतं. आमच्याकडं मत हेच बक्षीस. चार पुस्तकं वाचलीस, आता तुझं ऐकतो. गावातल्या पोराचं ऐकून घ्यायला बसलेलं माणूस तसं कमी असतं.

पोरांच्या हातात कारभार दिला तर काय होतं याचं उदाहरण बघायचं तर छत्रपती संभाजीनगरला जा. तिथं एका शाळकरी मुलीच्या पुढाकारातून 2021 पासून मोहल्ला बाल वाचनालयं सुरू झाली, गल्लीबोळांत, घरांच्या ओसरीत. करोनामुळं शाळा बंद होत्या त्या काळातली ही गोष्ट. ते वाचून मीही आमच्याकडं शनिवारची देवघेव पोरांकडं सोपवली. दंड लावण्यात ती माझ्यापेक्षा कडक निघाली. खुद्द आण्णांकडून दोन रुपये वसूल केले.

यंदा पाडव्यानंतर फडावरची पोरं परत आली की नव्या यादीची बैठक घ्यायची आहे. पोरांनी एक ठराव आधीच मांडून ठेवलाय : सगळ्यात चांगल्या पुस्तकाबरोबर सगळ्यात बेकार पुस्तकासाठीही पेटी ठेवायची. आण्णांचा कडाडून विरोध आहे, लेखकाचा अपमान होतो म्हणून. मला कल्पना आवडली आहे, खरेदीला तर फारच उपयोगी पडेल, पण पत्र लिहायचं कुणी आणि त्यात काय लिहायचं यावर घोडं अडलंय. सातवीतल्या वाचणाऱ्या पोरीनं मसुदा करून आणलाय. सुरुवात 'आदरणीय लेखक महाशय' अशी आहे, पुढचं वाचून आण्णांनी चष्मा काढून ठेवला. मी तो मसुदा फायलीला लावलाय, आणि बेकारच्या पेटीतून बिनविरोध यावं म्हणून एक पुस्तक पोरांनी आत्ताच ठरवूनही टाकलंय. ते मीच निवडलेलं होतं.